हॉवर्डची टेकडी, पुस्तकांची कपाटं

वॉशिंग्टनला गेलात की व्हाइट हाऊस तर बघालच. पण अर्धा दिवस हॉवर्ड विद्यापीठासाठी राखून ठेवा. मेट्रोच्या ग्रीन लाइनने ‘शॉ–हॉवर्ड युनिव्हर्सिटी’ स्थानकावर उतरा आणि जॉर्जिया अ‍ॅव्हेन्यूचा चढ चालू लागा. घड्याळाचा मनोरा दिसला, की समजा फाउंडर्स लायब्ररी आली.

अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. दोनच वर्षांनी, १८६७ मध्ये, हे विद्यापीठ सुरू झालं. सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश थर्गूड मार्शल, नोबेल विजेत्या लेखिका टोनी मॉरिसन आणि कमला हॅरिस इथेच शिकले.

पण मला सर्वांत मोठं वाटतं ते डोरोथी पोर्टर या ग्रंथपालबाईंचं काम. १९३० मध्ये त्यांनी इथला कृष्णवर्णीयांविषयीचा ग्रंथसंग्रह हाती घेतला. तेव्हा अनेक ग्रंथालयांत कृष्णवर्णीय लेखकाचं पुस्तक ‘वसाहती’ किंवा ‘गुलामगिरी’ या क्रमांकांखाली ठेवत. मग तो कवितासंग्रह का असेना! पोर्टरबाईंनी ही रीत मोडली. कविता कवितेत, संगीत संगीतात, इतिहास इतिहासात. खरेदीला पैसे नसत, म्हणून प्रकाशकांकडे मागून त्यांनी पुस्तकं जमवली. हे काम त्यांनी तब्बल ४३ वर्षं केलं. आज जगभरचे अभ्यासक हा संग्रह धुंडाळायला येतात.

तरीही वर्गात आपला इतिहास पुरेसा शिकवला जात नाही, म्हणून मार्च १९६८ मध्ये इथल्या विद्यार्थ्यांनी प्रशासकीय इमारतच ताब्यात घेतली होती.

उतरून यू स्ट्रीटला या. यादवी युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांचं स्मारक इथे आहे. भिंतींवर दोन लाखांहून जास्त नावं कोरलेली आहेत. तिथे आजोबांच्या आजोबांचं नाव शोधणारी कुटुंबंही येतात. भूक लागली तर १९५८ पासून चालू असलेलं ‘बेन्स चिली बोल’ जवळच आहे.

आपलाही या कहाणीशी धागा आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं, ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. हॉवर्ड तेव्हा अवघं सहा वर्षांचं होतं.

परत आल्यावर आपल्या वाचनालयातही एक चक्कर मारा. दलित लेखकाचं आत्मचरित्र ‘आत्मचरित्र’ विभागात आहे, की वेगळ्याच कपाटात? बघा आणि ग्रंथपालांशी बोला.