निळा वाटा

मॅक संगणकावर ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’ नावाची एक खिडकी उघडता येते. 2012 सालच्या माउंटन लायन प्रणालीपर्यंत तिच्यात स्मृतीचे एक वर्तुळ दिसे आणि त्याचे चार रंगांत वाटे केलेले असत. हिरवा मोकळ्या स्मृतीचा, तांबडा प्रणालीने स्वतःसाठी अडवून ठेवलेल्या स्मृतीचा, पिवळा चालू कामाचा आणि निळा निष्क्रिय स्मृतीचा. आमचा 2010 सालचा मॅकबुक अजून त्याच प्रणालीवर चालतो. तो निळा वाटा पाहून जो तो आम्हांला एकच सल्ला देतो : ही अडगळ आधी काढून टाका, म्हणजे यंत्र पळू लागेल.

सल्ला कळकळीचा आहे, परंतु मानण्याजोगा नाही. सकाळची पहिली मिस्सा संपल्यावर सॅक्रिस्टन वाचनांचा ग्रंथ लगेच कपाटात कुलूपबंद करीत नाही. तासाभराने दुसरी मिस्सा आहे हे त्याला ठाऊक असते. टेबल अन्य कामाला हवे झाले, तर मात्र तो ग्रंथ उचलतो. निष्क्रिय स्मृतीचे असेच आहे. बंद केलेल्या कार्यक्रमाचा मजकूर यंत्र हाताशी ठेवते. तो पुन्हा उघडल्यास डिस्ककडे धाव घ्यावी लागत नाही, आणि नव्या कामाला जागा अपुरी पडली की तीच जागा त्याला मिळते. ‘पर्ज’ ही आज्ञा दिली की हिरवा वाटा फुगतो, डोळ्यांना बरे वाटते, आणि पुढचे पहिलेच काम अधिक रेंगाळते. (हिरव्याचे एवढे कौतुक का, कोण जाणे! मोकळी पडलेली स्मृती कोणाच्याच उपयोगाची नसते.)

मग यंत्र मंद का? उत्तर त्याच खिडकीच्या तळाशी, ‘पेज आउट्स’ या आकड्यात असते. काम चालू असता तो सारखा वाढत राहिला, तर स्मृती खरोखरच अपुरी आहे आणि यंत्र तिच्यातील मजकूर डिस्कवर नेऊन टाकीत आहे, असे समजावे. फिरती डिस्क स्मृतीच्या मानाने फारच धीमी.

आम्ही वसईच्या सामवेदी बोलीतील लग्नगीतांची ध्वनिमुद्रणे ऐकून शब्द उतरवून घेतो. ज्यांनी ती गायिली, त्या मावश्यांपैकी आज दोघीच हयात आहेत. अडलेला शब्द त्यांनाच विचारता येतो. एका कडव्यापायी अर्धा तास दवडणे आम्हांला परवडणारे नव्हते. तेव्हा लिहिताना ब्राउझर बंद ठेवू लागलो. निम्मे दुखणे तेवढ्यानेच गेले. पुढे 2 जीबीच्या जागी 4 जीबी स्मृती बसवून घेतली, आणि डिस्क म्हातारी म्हणून सर्व ध्वनिमुद्रणांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली.

2013 च्या मॅव्हरिक्सपासून ॲपलने ते वर्तुळच काढून टाकले. आता निष्क्रिय मजकूर आवळून ठेवला जातो आणि पडद्यावर स्मृतीवरील ताणाचा आलेख दिसतो. आमच्याकडे ‘पेज आउट्स’चा आकडा हल्ली दिवसभरात जेमतेम हलतो. हळदीची गीते लिहून झाली. मांडवाची घेतली आहेत.