डिस्कसच्या टाकीतलं नत्र आणि पवनेचं पाणी



आजची नोंद भाताची नाही, माशाची आहे. पण वाचून बघा, विषय आपल्याच घरचा निघेल. नत्राचा आणि पाण्याचा.

आमची लेक चिंचवडला राहते, जावई चाकणला कंपनीत आहेत. नातवाच्या हट्टापायी त्यांनी डिस्कस मासे पाळायचं ठरवलं आणि टाकी बसवायला मला बोलावलं. डिस्कस हा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातला मासा. ताटलीसारखा गोल, अंगाने चपटा. पिल्लं सुरुवातीला आईबापाच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतात. पाणी कोमट लागतं, २८ ते ३० अंश, आणि घाण अजिबात सोसत नाही. चांगला वाढलेला एक मासा हजाराच्या पुढे जातो. त्याच सोसायटीत दोन घरांत असे मासे आणून महिन्याच्या आत मेले होते. दोघांनीही रोग समजून औषधं ओतली होती. पाणी कोणी तपासलं नव्हतं.

आधी टाकीचं सांगतो. लांबी ४ फूट, रुंदी दीड, उंची २ फूट. म्हणजे १२ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे काठोकाठ ३४०. वरची तीन बोटं आणि फिल्टरचा हिशोब धरून आपण ३०० लिटर धरू. पाण्याचंच वजन तीनशे किलो, त्यात काच आणि लोखंडी स्टँड. फ्लॅटमध्ये अशी टाकी खोलीच्या मधोमध ठेवायची नाही, बीमजवळ भिंतीला लावून ठेवायची. पाणसळ लावून चारही कोपरे बघायचे आणि काचेखाली थर्माकोलची शीट घालायची. काच एका कोपऱ्यावर ताणली गेली की आज ना उद्या तडकते. तळाला वाळू-गोटे काही घातले नाहीत. तळ मोकळा असला की उरलेलं खाणं दिसतं आणि नळीने ओढून काढता येतं. हीटर ३०० वॅटचा एक घेण्याऐवजी १५० चे दोन घेतले. थंडीत एक बंद पडला तरी दुसरा तग धरतो.

आता नत्र. मासा प्रथिनं खातो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. पाण्यात त्याची दोन रूपं असतात. एक अमोनियम, ते फारसं बाधत नाही. दुसरा मोकळा अमोनिया, तो कल्ले जाळतो. कोणतं रूप किती, हे सामू आणि तापमानावर ठरतं. ३० अंशाला सामू ७ असेल तर शंभरातला एक भागसुद्धा मोकळा नसतो. सामू ८ झाला की सात-साडेसात भाग मोकळे होतात. चोपण जमिनीवर युरिया फेकून दिला की डोळ्याला झोंबणारा वास येतो ना, तोच हा प्रकार. शेतात तो हवेत उडून जातो, टाकीत माशाच्या कल्ल्यात जातो.

यावर उपाय म्हणजे फिल्टर. पण फिल्टर म्हणजे गाळणी, असं बहुतेकांना वाटतं. गाळण्याचं काम त्यात दुय्यम. खरं काम त्यातल्या जिवाणूंचं. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. आपल्या जमिनीत चालतं तेच. कृषीवाल्या मंडळींना ठाऊक असेल, ही गोष्ट सिद्ध झाली तीसुद्धा एका फिल्टरवरच. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघांनी वाळू आणि चुनखडीच्या नळीतून सांडपाणी सोडलं. वीसेक दिवस काहीच झालं नाही, मग खाली नायट्रेट यायला लागलं. वरून क्लोरोफॉर्म दिला की काम बंद पडलं. पुन्हा थोडं मातीचं पाणी घातलं की सुरू झालं. म्हणजे हे काम रसायनाचं नाही, जिवंत जीव करतात, हे कळलं.

ते वीस दिवस लक्षात ठेवा. दुकानदार म्हणाला होता, आज टाकी भरा, उद्या मासे न्या. हे जिवाणू दुप्पट व्हायला एक दिवस, कधी त्याहून जास्त घेतात. दह्याच्या विरजणासारखं रात्रीत होत नाही. म्हणून टाकी चार ते सहा आठवडे माशांविना चालवायची आणि जिवाणूंना खायला अमोनिया द्यायचा. त्यासाठी अमोनियम क्लोराईड, म्हणजे कल्हईवाले वापरतात तो नवसागर. बाजारातला भेसळीचा नको, प्रयोगशाळेचा शुद्ध घ्या. ३०० लिटरला २ ग्रॅम घातला की अमोनिया साधारण २ पीपीएम होतो.

जावईबापू म्हणाले, "मामा, तुमच्याकडचा युरियाच घालू की." म्हटलं, तो नाही चालायचा. युरिया आधी फुटून अमोनिया व्हावा लागतो, तो कधी किती होईल याचा भरवसा नाही. दुसरं म्हणजे २०१५ पासून आपल्याकडचा युरिया निंबोळी लेपाचा असतो. तो लेप कशासाठी आहे? जमिनीतले हेच जिवाणू सावकाश चालावेत आणि नत्र वाहून जाऊ नये म्हणून. शेतात ज्यांना आवर घालतो, टाकीत त्यांनाच वाढवायचंय.

विरजण म्हणून एका ओळखीच्या घरातल्या, वर्षभर निरोगी चाललेल्या टाकीतला स्पंज आमच्या फिल्टरमध्ये पिळला. शेताची माती घालू नका, तिच्याबरोबर काय काय येईल सांगता येत नाही. आमच्याकडे दहाव्या दिवशी नायट्राइट दिसलं आणि साडेचार आठवड्यांनी असं झालं की सकाळी नवसागर घातला तर दुसऱ्या सकाळी अमोनियाही शून्य, नायट्राइटही शून्य. त्यानंतर मासे आणले, सहा.

फिल्टरची बांधणी साधी आहे. टाकीखाली दुसरी लहान टाकी. वरचं पाणी आधी कापसातून, मग स्पंजातून, मग चिनी मातीच्या सच्छिद्र कड्यांतून जातं आणि मोटर ते वर फेकते. मोटर तासाला १२०० ते १५०० लिटरची पुरते. डिस्कसला जोराचा प्रवाह आवडत नाही, म्हणून तोटी भिंतीकडे वळवली. महागडी कडी परवडत नसतील तर चांगल्या भाजलेल्या विटेचे तुकडे धुऊन वापरता येतात. जिवाणूंना चिकटायला खरबरीत जागा हवी, एवढंच. याशिवाय टाकीत एक हवेवर चालणारा स्पंज फिल्टर ठेवलाय. तो गुरुवारसाठी.

आमच्या भागातल्यांना गुरुवार सांगायला नको. देखभालीसाठी लाइट जाते. ३० अंशाच्या पाण्यात प्राणवायू साडेसात मिलिग्रॅमपर्यंतच मावतो, २० अंशाला नऊच्या वर. म्हणजे डिस्कसची टाकी मुळातच कमी हवेवर चालते, आणि फिल्टरमधले जिवाणूही तोच प्राणवायू खातात. हवेचा पंप पाच वॅटचाही नसतो, तो इन्व्हर्टरवर घ्या. बंद डब्याचा फिल्टर असेल आणि लाइट दोन-चार तास गेली, तर आत कुजलेलं पाणी तसंच टाकीत सोडू नका. आधी ते फेकून द्या, मग मोटर चालू करा.

स्पंज नळाखाली धुवायचा नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात किमान ०.२ मिलिग्रॅम सांगितलाय, आणि तो जंतू मारायलाच असतो. फिल्टरमधलेही मरतात. टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यातच स्पंज पिळायचा, तोही एका वेळी अर्धाच. टाकीत भरायचं पाणीसुद्धा पिंपात २४ तास हवा सोडून ठेवायचं, मग वापरायचं.

पाणी कोणतं? चिंचवडच्या नळाला पवना धरणाचं पाणी येतं. नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत, तिथून उपसून निगडीच्या शुद्धीकरण केंद्रात. ते सह्याद्रीच्या पावसाचं मऊ पाणी आहे, आपल्याकडच्या काळ्या पाषाणातल्या बोअरसारखं जड नाही. पैदास केलेल्या डिस्कसला ते चालतं. अंडी-पिल्लं घ्यायची नसतील तर आरओ लावू नका, त्यात जेवढं पाणी मिळतं त्याहून जास्त वाया जातं. पण टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर टीडीएस मीटर लावल्याशिवाय घालू नका.

मऊ पाण्याची एक खोड मात्र आहे. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं. अमोनियम सल्फेट वर्षानुवर्षं टाकलं की जमीन आंबट होते, तसंच. मऊ पाण्यात ते झेलायला चुना कमी असतो. सामू ६ च्या खाली गेला की जिवाणूंचं काम मंदावतं आणि अमोनिया साठतो. म्हणून फिल्टरमध्ये कापडी पिशवीत मूठभर शिंपल्याचा चुरा ठेवलाय आणि दर आठवड्याला सामू बघतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो, ते. फिल्टर नायट्रेटपर्यंतच नेतो. नायट्रेट बाहेर काढायचं तर पाणी बदला किंवा झाडाला खाऊ घाला. डिस्कसवाले बरेच जण रोज अर्धी टाकी बदलतात. म्हणजे दिवसाला १५० लिटर. शहरात माणशी १३५ लिटर पाण्याचा हिशोब धरतात. म्हणजे सहा मासे एका माणसाहून जास्त पाणी वापरतात, तेही जिथे २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी सुरू झालं त्या गावात.

आम्ही हिशोब मांडला. सहा माशांना दिवसाला ६ ग्रॅम खाणं, त्यात ४५ टक्के प्रथिनं. प्रथिनात १६ टक्के नत्र. म्हणजे ०.४३ ग्रॅम नत्र, त्यातलं साधारण ०.३ पाण्यात उतरतं. ३०० लिटरमध्ये रोज चार-साडेचार पीपीएम नायट्रेट वाढतं. दिवसाआड १०० लिटर बदललं तर ते बदलण्याआधी २७ आणि बदलल्यावर १८ वर येऊन थांबतं. त्यात फिल्टरच्या टाकीत मनीप्लांटची मुळं सोडली, तर आता बदलण्याआधीच विसाच्या आसपास असतं. मासे वर्षभर ठणठणीत आहेत. दिवसाला सरासरी ५० लिटर, म्हणजे रोजचे १०० लिटर वाचले. वर्षाला साडेछत्तीस हजार. पण हे फिल्टर पक्का झाल्यावर आणि खाणं मोजून दिलं तरच. जास्त खाणं म्हणजे जास्त पाणी.

काढलेलं पाणी सोसायटीच्या झाडांना जातं. ते खत आहे, असं मात्र कोणी सांगितलं तर हसा. २७ पीपीएमच्या हिशोबाने एक किलो युरियाइतकं नत्र मिळवायला पाऊण लाख लिटर पाणी लागेल. त्याची किंमत नत्रात नाही, ते पाणी आहे म्हणून आहे.

मी पवनेच्या काठचा. याच धरणाचं पाणी बंद नळाने शहरात न्यायच्या योजनेला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला आणि मावळातले तीन शेतकरी गेले. शहराला पाणी लागतं, माझी लेक-नातवंडंही तेच पितात, त्यात वाद नाही. हौसही करावी. नातू टाकीसमोर तासभर बसतो, ते बघून बरंच वाटतं. पण अर्धी टाकी गटारात सोडताना ते कुठून आलं हे त्याला कळावं, म्हणून दिवसाआड १०० लिटर मोजून काढायचं आणि झाडांना घालायचं काम त्याच्याकडेच दिलंय. तो वहीत तारीख आणि नायट्रेट लिहितो.

तुमच्यापैकी कोणाची मुलं शहरात टाकी ठेवत असतील तर एवढं तीन गोष्टींचं सांगा. मासे आणायच्या आधी महिना-दीड महिना फिल्टर पिकवा. खाणं वजन करून द्या. आणि पाणी अंदाजाने नाही, नायट्रेट मोजून बदला.