हिरवा ठिपका आणि सुरकुती

नागपूरच्या इतवारीत दिवाळीची चाहूल श्रावणातच लागते. हातगाड्यांवरून खोकी उतरू लागतात, माळे रिकामे होतात आणि नव्या मालाच्या योजना घेऊन कंपन्यांचे प्रतिनिधी दुकानोदुकानी फिरू लागतात. अशाच एका श्रावणात तेथील एका जैन कुटुंबाच्या सौंदर्यप्रसाधनांच्या घाऊक दुकानात सुरकुत्यांवरचे एक मलम आले. डबीवर सोनेरी अक्षरांत ‘कोलेजन’ असे लिहिलेले होते. बारा खोक्यांवर एक खोका मोफत आणि दर्शनी फळीवर माल मांडण्याचे भाडे वेगळे, अशी योजना होती. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होणार होती. थोरल्या मुलाने मनातल्या मनात नफा मोजला आणि मागणी नोंदवली. नमुन्याची एक डबी घरी आली आणि ती आजींच्या कपाटात गेली.

आजींचे वय एकाहत्तर. घरात त्यांचे नियम सर्वांना पाठ होते. चामड्याची चप्पल नाही, रेशमी साडी नाही, कंदमुळे नाहीत आणि सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही. मात्र नातवाचे लग्न ठरले होते आणि विहिणीसमोर हात पुढे करताना त्यांना आपल्या हातांच्या सुरकुत्यांचा संकोच वाटू लागला होता. या वयात हा सोस कशाला, असे कोणी म्हणू नये म्हणून त्या निजण्यापूर्वी गुपचूप मलम लावीत. असे तीन आठवडे गेले.

नागपूरच्या एल.ए.डी. महाविद्यालयात मुलींना कॉस्मेटिक टेक्नॉलॉजीची पदवी घेता येते. घरातील धाकटी नात तेथेच शिकत होती. औषधाची गोळी शोधताना तिच्या हाती ती डबी लागली. सवयीने तिने ती उलटी करून बारीक अक्षरांतील घटक वाचले आणि तिचा चेहरा उतरला.

“आजी, हे तू लावतेस?”

“का गं? चांगलं नाही का?”

“चांगलं-वाईट नंतर. यात हायड्रोलाइझ्ड कोलेजन आहे. डबीवर हिरवा ठिपकाही नाही.”

कोलेजन कशाचे असते, हे आजींनी विचारले आणि नातीला ते सांगावेच लागले. कोलेजन वनस्पतींमध्ये नसते. ते जनावरांच्या कातडीत, हाडांत आणि माशांच्या खवल्यांत असते. बाजारातील बहुतेक कोलेजन तेथूनच काढलेले असते. आजींनी हात पदराला पुसले, पुन्हा पुसले, आणि काही न बोलता त्या उठून न्हाणीघरात गेल्या. चामड्याची वहाण पन्नास वर्षे पायांत न घालणाऱ्या त्या बाईने तेच चामडे तीन आठवडे हातांना चोळले होते.

त्या दिवशी संध्याकाळचे जेवण उजेडीच आटोपले, पण कोणी जागचे उठले नाही. दुकानाचे सूत्रधार असलेल्या बाबूजींनी नातीला जवळ बसवून घेतले. “तू शिकतेस ना हे सारं? मग नीट सांग. हे मलम काही करतं का, की नुसतं नाव आहे?”

नातीने आजींचा हात हाती घेतला. हाताच्या मागच्या बाजूची कातडी चुरगळलेल्या कागदासारखी झाली होती. मग तिने आजींची बाही थोडी वर सारली. दंडाच्या आतल्या बाजूची त्वचा अजून मऊ आणि सपाट होती. “दोन्हींचं वय एकच आहे, आजी. फरक उन्हाचा आहे.” अमेरिकेत २०१२ साली वैद्यकाच्या एका मान्यवर नियतकालिकात एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचे छायाचित्र छापले गेले होते. २८ वर्षे त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू खिडकीकडे राहिली होती. तिकडची बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी दिसत होती. खिडकीच्या काचेतूनही अतिनील किरणांचा एक प्रकार आत येतो आणि कातडीतील कोलेजन मोडतो. नागपूरच्या मुली दुचाकीवर तोंडाला दुपट्टा घट्ट बांधतात, त्यात उन्हाच्या झळांबरोबर हाही बचाव आपोआप साधतो.

मग ती मूळ प्रश्नाकडे वळली. त्वचेच्या आतल्या थराच्या कोरड्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कोलेजनचा असतो. या प्रथिनाची घडण उलगडण्यात भारताचा मोठा वाटा आहे. मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ साली दाखवून दिले की कोलेजन म्हणजे तीन पेडांची वेणी आहे. या पेडांचे मणी म्हणजे अमिनो आम्ले. दर तिसरा मणी ग्लायसिनचा असतो आणि उरलेल्यांत प्रोलीन पुष्कळ असते. वेणी घट्ट बसण्यासाठी शरीराला क जीवनसत्त्व लागते. ते आवळ्यात आणि आपल्या संत्र्यात भरपूर असते.

“म्हणजे वरून वेणी लावली की आतली वेणी जाड होते?” थोरल्या मुलाने विचारले.

“काका, दार केवढं आणि पेटी केवढी ते बघा ना.” त्वचेतून सहज आत जाणाऱ्या कणाचे रेणूभार साधारण ५०० पर्यंत असावे, असा ठोकताळा आहे. अख्ख्या कोलेजनचे सुमारे ३,००,००० असते. ते वरच बसते, ओलावा धरते आणि धुतल्यावर निघून जाते. तुकडे केलेले कोलेजन त्याहून लहान असले तरी त्याचा उगम तोच राहतो.

सुटी अमिनो आम्ले मात्र खरोखरच लहान असतात. ग्लायसिनचे रेणूभार ७५, सेरीनचे १०५, प्रोलीनचे ११५. आपल्या त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात पाणी धरून ठेवणारा एक नैसर्गिक साठा असतो आणि त्याचा सुमारे ४० टक्के भाग अशा सुट्या अमिनो आम्लांचाच असतो. वयाने, उन्हाने आणि कडक साबणाने हा साठा घटतो. कातडी कोरडी पडते आणि कोरडेपणाच्या बारीक रेषा उमटतात. अमिनो आम्लांचे मलम हा ओलावा काही प्रमाणात भरून काढते. म्हणून त्या रेषा पुसट दिसतात. उन्हाने पडलेली खोल घडी त्याने जात नाही.

याखेरीज पाच अमिनो आम्लांची एक छोटी साखळीही मलमांत घालतात. तिला डबीवर पामिटॉईल पेंटापेप्टाइड म्हणतात. कोलेजन मोडल्याचा निरोप पेशींना देऊन नवे कोलेजन बनवायला लावावे, ही त्यामागची कल्पना. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ९३ स्त्रियांनी १२ आठवडे चेहऱ्याच्या एका बाजूला ते मलम आणि दुसऱ्या बाजूला साधे मलम लावले. बारीक रेषांत फरक दिसला, पण तो थोडा होता. आणि चाचणी करणारे शास्त्रज्ञ प्रसाधने बनवणाऱ्या कंपनीचेच होते.

“विकणाऱ्याचाच तराजू,” बाबूजी म्हणाले. “खोटाच असेल असं नाही. पण वजन दुसऱ्या काट्यावरही करून बघावं.”

इतका वेळ गप्प बसलेल्या आजींनी तेव्हा विचारले, “आणि ही सुटी आम्लं कुठून येतात?” प्रश्न नेमका होता. ती साखळी प्रयोगशाळेत जोडतात, ग्लायसिन बहुधा रासायनिक क्रियेने तयार होते. इतर अनेक अमिनो आम्ले साखरेच्या द्रावात जिवाणू वाढवून मिळवतात; ही रीत जपानमध्ये १९५० च्या दशकात निघाली. सिस्टीनसारखे एखादे आम्ल मात्र पक्ष्यांची पिसे आणि केस यांपासूनही काढले जाते. म्हणून नुसते ‘अमिनो आम्ल’ हे नाव पाहून भागत नाही. ‘वनस्पतिजन्य कोलेजन’ असे लिहिले असेल तर ते बहुधा अमिनो आम्लांचे किंवा वनस्पती-प्रथिनांचे मिश्रण असते. प्राण्यांवर चाचणी केली नाही, एवढ्यानेही घटक निर्दोष ठरत नाही. भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास २०१४ पासून बंदी आहे, पण घटक कशापासून काढला हा प्रश्न त्याहून वेगळा आहे.

“जिवाणू म्हणजेही जीवच की,” आजी म्हणाल्या.

यावर घरात थोडा वेळ शांतता पसरली. “आहेत,” बाबूजी सावकाश म्हणाले. “चूल पेटवली तरी हिंसा होतेच. आपण श्रावक, मुनी नव्हे. चालत्या-फिरत्या जीवाला जाणूनबुजून मारायचं नाही, आणि बाकी जेवढं टाळता येईल तेवढं टाळायचं. ज्याच्यावाचून चालतं ते न वापरणं सर्वांत बरं.”

दुसऱ्या दिवशी मागणी रद्द झाली. प्रतिनिधी नाराज झाला, दर्शनी फळीचे भाडेही बुडाले. थोरला मुलगा दोन दिवस घुश्शात होता. “शेजारचा दुकानदार तेच विकेल,” एवढेच तो म्हणे. ते खरेच होते, शेजारच्या फळीवर सोनेरी डब्या लागल्या. या दुकानात हिरव्या ठिपक्याचे अमिनो आम्लांचे मलम आले. ते घेताना उगमाबद्दल उत्पादकाचे लेखी पत्र मागून घेतले होते.

दसलक्षण पर्वातील उत्तम आर्जवाच्या दिवशी एक बाई ते मलम हाती धरून गल्ल्याशी आल्या. “याने सुरकुत्या जातात का हो?” थोरला मुलगा क्षणभर थांबला. हो म्हटले असते तर डबी लगेच विकली गेली असती.

“जात नाहीत, ताई. कोरडेपणाच्या रेषा कमी दिसतात. उन्हात तोंड झाकत जा आणि सनस्क्रीन लावा; त्याने नव्या सुरकुत्या उशिरा पडतील.”

बाईंनी मलम परत ठेवले आणि सनस्क्रीन घेतले. पैसे मोजताना मुलाने बाबूजींकडे पाहिले नाही. बाबूजीही वहीतच बघत राहिले.

आजींनी नकळत घडलेल्या दोषाचे प्रायश्चित्त म्हणून पर्व संपेपर्यंत तुपाचा त्याग केला. क्षमावाणीच्या दिवशी नातीने त्यांच्या पायांवर डोके ठेवले, तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला. लग्नातही विहिणीला ओवाळताना ते हात तसेच, सुरकुतलेले, पुढे आले.