नथीतले मोती

काकूंनी मेसेजमधून पाठवलेला आजीचा जुना फोटो लॅपटॉपवर मोठा केला, तर नथीतल्या मोत्यांच्या जागी नुसते चौकोन. जीव कळवळला. आधी सेटिंग पाहिलं. स्क्रीन १९२०×१०८० ची आणि रिझोल्यूशन १३६६×७६८ वर! एकेक ठिपका उभा-आडवा सुमारे १.४ ठिपक्यांवर ताणायचा म्हटल्यावर कडा पुसट होणारच. मूळ आकड्यावर आणताच अक्षरं लख्ख झाली. मोती मात्र तसेच. म्हणजे खोट फोटोच्या फाइलमध्ये. मेसेजमधून पाठवताना फाइल सहसा लहान केली जाते, आणि तेव्हा गेलेला बारकावा नंतर कितीही झूम केलं तरी परत येत नाही. घरच्या फोटोंची अशी हेळसांड मला बघवत नाही. लगेच फोन लावला, ‘काकू, मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि अल्बममधले बाकीचे फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करून घेऊ.’