हाडाचं वय आणि 'कशावरून?'

"जुन्या हाडाचं वय कसं काढतात?" असं विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात ओरडतो, "कार्बन डेटिंग!" मार्क मिळतात, विषय संपतो. मी मात्र हल्ली पुढचा प्रश्न विचारते, "आणि ते वय बरोबर आहे, हे कशावरून?" मग अमिनो आम्लांची गोष्ट सांगते.

प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात. डाव्या-उजव्या चपलेसारखी यातल्या बहुतेक आम्लांची दोन रूपं असतात. सजीवांच्या प्रथिनांत जवळजवळ सगळी डावीच. जीव मेला, की त्यातली काही हळूहळू उजवी होऊ लागतात आणि अखेर दोन्ही साधारण निम्मी-निम्मी होतात. म्हणजे उजवी जितकी जास्त, तितकं हाड जुनं. पण उष्णतेत हा बदल भराभर होतो, थंडीत रेंगाळतो. म्हणून वय माहीत असलेल्या, तशाच हवामानातल्या हाडावरून आधी वेग ठरवावा लागतो.

खरी मेख इथेच आहे. १९७४ साली जेफ्री बाडा आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या डेल मार इथल्या मानवी हाडाचं वय सुमारे ४८,००० वर्षं काढलं. माणूस अमेरिकेत इतक्या आधी पोहोचला? केवढी खळबळ! वेग ठरवला होता लगुना इथल्या कवटीवरून. रेडिओकार्बन पद्धतीनं तिचं वय सुमारे १७,००० वर्षं आलं होतं.

पुढे अगदी थोड्याशा नमुन्यावरून रेडिओकार्बन मोजायचं नवं तंत्र आलं. १९८४ मध्ये तीच कवटी जेमतेम ५,००० वर्षांची निघाली! मापाची पट्टीच चुकलेली, मग मोजमाप कसं बरोबर येणार? डेल मारचं हाडही काही हजार वर्षांचंच ठरलं. आणि गंमत पाहा, ही दुरुस्ती छापणाऱ्यांत स्वतः बाडाही होते.

पद्धत काही टाकून दिली नाही. हाडात पाणी झिरपतं, आम्लं वाहून जातात. शहामृगाच्या अंड्याच्या कवचात ती जास्त सुरक्षित राहतात. म्हणून अशा कवचांवर ती आजही वापरतात.

तेव्हा घरी किंवा वर्गात मुलानं "कशावरून?" विचारलं, तर "पुस्तकात दिलंय" म्हणून गप्प करू नका. त्याच्यासोबत तीन गोष्टी शोधा: मोजलं काय, गृहीत काय धरलं आणि दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं पडताळलं? पाठ केलेलं उत्तर परीक्षेपुरतं टिकतं, ही सवय आयुष्यभर.