करंगळीवरचा काना

लॅपटॉपची 'ई' छापलेली कळ मेली की इंग्रजीत लिहिणाऱ्याचं जे व्हायचं ते होवो, इनस्क्रिप्ट मांडणीवर मराठी लिहिणाऱ्याचा काना जातो. काना त्याच कळीवर, आणि शिफ्ट दाबून येणारा 'आ'ही तिथेच. म्हणजे आई गेली, बाबा गेले, काका-मामा-आत्या सगळे एका फटक्यात गेले. उरलो मी आणि तू. माझी ही कळ ऐन पावसाळ्यात गेली. तेव्हापासून 'कामाला' लिहावं तर पडद्यावर 'कमल' फुलायचं, 'दार' लोटावं तर 'दर' निघायचा आणि पत्राखाली 'आपला विश्वासू' म्हणावं तर कुणी 'पल विश्वसू' सही ठोकून जायचा.

जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाने १९६९ साली 'ई' हे अक्षर न वापरता अख्खी कादंबरी लिहिली. पण ती त्याची हौस, आणि हौसेला मोल नाही. मला मजकूर वेळेत पोचवायचा होता.

दुरुस्तीवाल्याने नखाने कळीची टोपी उचकटली. खाली प्लास्टिकची इवलीशी कात्री, तिच्या पोटात रबराचा घुमट, त्याच्याखाली पातळ पापुद्र्यावर छापलेल्या रेघा. "रेघ गेलीय मॅडम. सुटी कळ बदलून भागणार नाही. कीबोर्ड पत्र्याला रिव्हेटने ठोकलाय, अख्खा वरचा पॅनल घ्यावा लागेल." पॅनलचा भाव ऐकून मी टोपी परत बसवून घेतली.

खरं तर कळीवरचं अक्षर आपल्या डोळ्यांसाठी असतं. आतून एक आकडा जातो, एवढंच. 'ई'चा १८, कॅप्सलॉकचा ५८. विंडोजच्या रजिस्ट्रीत 'स्कॅनकोड मॅप' नावाची एक नोंद करता येते: ५८ आला तर १८ समज. मग यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचं, झालं. शार्पकीज नावाचा चिमुकला प्रोग्रॅम ही नोंद आपल्या वतीने लिहून देतो. पॉवरटॉइजही कळा बदलून देतं, पण ते जागं होतं लॉगिन झाल्यावर. पासवर्डातच मेलेलं अक्षर असलं तर मग बसा बाहेर ताटकळत.

कॅप्सलॉकचाच बळी का, तर तो मुंबईतल्या पागडीच्या भाडेकरूसारखा मोक्याची जागा अडवून बसलेला. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाहीच, तेव्हा मराठी लिहिणाऱ्याच्या तो कवडीच्या उपयोगाचा नाही. चुकून धक्का लागला तर इंग्रजी ईमेल ओरडल्यासारखा दिसतो, हीच त्याची कामगिरी. त्याला हलवताना मला जराही वाईट वाटलं नाही.

असली जुळवाजुळव टंकयंत्रांच्या काळापासून चालत आली आहे. कित्येक जुन्या इंग्रजी यंत्रांवर १ च्या आकड्याला कळच नसायची. टंकलेखक बिनदिक्कत लहान 'एल' दाबत. रेमिंग्टन पद्धतीच्या देवनागरी यंत्रावर तर कान्याकडे दुहेरी काम होतं. ख, थ, ध, भ, ण, श, ष ही अक्षरं आधी अर्धी उमटायची आणि कान्याची कळ दाबली की पुरी व्हायची. तिथे ही कळ रुसली असती तर 'भाषण' नुसत्या तीन अर्धुकांवर अडलं असतं. त्या मानाने इनस्क्रिप्टने माझ्यावर दयाच केली म्हणायची; अक्षरं तरी धड उरली. १९९१ च्या भारतीय मानकात गेलेल्या या मांडणीत मात्रा डाव्या हाताला आणि बरीचशी व्यंजनं उजव्या हाताला, त्यामुळे दोन्ही हात आळीपाळीने चालतात.

फक्त कान्याची बदली झाली ती थेट करंगळीकडे. डाव्या हाताचं मधलं बोट इतकी वर्षं हे काम करत होतं. ते सुरुवातीला सवयीने मेलेल्या कळीवर जाऊन टकटक करायचं आणि रिकाम्या हाताने परतायचं. करंगळीला पूर्वी शिफ्ट आणि ओकार सांभाळला की सुट्टी. आता 'राजाराम' लिहिताना तिला तीनदा धावावं लागतं, आणि 'आ' म्हटलं की उजव्या हाताचा शिफ्ट शोधावा लागतो. नवा शिकाऊ ठेवावा तशी ती काही दिवस चुकत होती. मग तिनेच आपली चाल बसवली, आणि एक दिवस मी बघितलं तर मधलं बोट मोकळंच होतं.

आता 'जे' अडखळते आहे. तिच्यावर 'र'. उजवा कंट्रोल रिकामाच पडून असतो, तिथे 'र' हलवता येईल. पण तिथवर पोचते तीही करंगळीच, आणि डावीचे हाल उजवीने जवळून पाहिले आहेत.