फटफटीच्या पोटातले तेल

बैलगाडीच्या आखाला वंगण घालताना कुणी फारसा विचार करीत नसे. चाक कुरकुरायचे थांबले म्हणजे झाले. मोटारसायकलीच्या तेलाकडेही आपण पुष्कळजण त्याच नजरेने पाहतो. मीही पाहत होतो. राहुड घाटात अद्दल घडली, म्हणून वाचकहो, हा प्रपंच.

द्राक्षबागेची छाटणी उरकली होती आणि औषधांची उधारी चढली होती. गाडीचे तेल बदलायचे दिवस कधीच उलटून गेलेले. नाशिकला राहणाऱ्या पुतण्याच्या मोटारीचे लिटरभर तेल डब्यात उरले होते. नवेकोरे, महागाचे, वर इंधन वाचते असे छापलेले. म्हटले, मोटारीला चालते ते फटफटीला का चालू नये? जुने काढले, हे ओतले.

पुढे मालेगावचे लग्न आटोपून परतत होतो. मागे सौ. बसलेल्या. राहुड घाटाच्या चढणीला मूठ पिळावी तर इंजिन नुसते बोंबलते, गाडी ओढतच नाही. पाठीशी मालट्रक हॉर्न देतोय. शेवटी सौ. लग्नातल्या लुगड्यानिशी उतरून कडेकडेने चालू लागल्या. त्या काही बोलल्या नाहीत, हेच जास्त लागले.

पिंपळगावच्या मिस्त्रीने क्लच उघडून प्लेटा हातात ठेवल्या. जळून काळ्या पडलेल्या. तेलाचे चारेकशे रुपये वाचवायला गेलो आणि प्लेटा, स्प्रिंगा, मजुरी धरून त्याच्या चौपट घालवून बसलो.

त्याने सांगितले ते मला आधी कुणी सांगितले नव्हते. मोटारीचा किंवा आपल्या नेहमीच्या ट्रॅक्टरचा क्लच सहसा कोरडा असतो, गिअरचे तेलही निराळे. फोर-स्ट्रोक मोटारसायकलीत मात्र एकच तेल इंजिन सांभाळते, गिअर सांभाळते आणि क्लचच्या प्लेटाही त्यातच बुडालेल्या असतात. इंधन वाचवणाऱ्या मोटारीच्या तेलात घर्षण कमी करणारी द्रव्ये घालतात. इंजिनाला ती सुखाची. पण क्लचने प्लेटा घट्ट धरायच्या असतात, त्या मग निसटतात. वडिलांच्या राजदूतच्या वेळी हा घोळ नव्हता. टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्ये तेल मिसळायचे, ते जळून धुरावाटे जायचे. गिअरपेटीचे तेल वेगळे. 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली, गावोगाव फोर-स्ट्रोक गाड्या झाल्या, पण आपली समजूत राजदूतच्याच काळातली राहिली.

तेव्हा बाटली हातात घेतली की आधी 'जासो एमए' किंवा 'एमए2' ही अक्षरे शोधा. ओल्या क्लचसाठी जपानी मोटार उद्योगाने 1998 साली हे मानक ठरवले. 'एमबी' असेल तर ते गिअर नसलेल्या स्कूटरचे तेल, ते ठेवून द्या. मग दाटपणाचा आकडा. 10डब्ल्यू-30 यातला पहिला आकडा थंडीतला: तो जितका लहान, तितके तेल गारठ्यात लवकर वाहते. निफाडकडे पारा चार-पाच अंशांवर उतरतो, त्या पहाटे दुधाचे कॅन घेऊन निघणाऱ्याला हे कळेल. दुसरा आकडा तापलेल्या इंजिनातला. दूध दाट ते चांगले, तेलाचे तसे नाही. जुन्या बुलेटला दाट तेल लागते म्हणून शंभर सीसीच्या गाडीला तेच घालू नये. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत आकडा छापलेला असतो. ती पुस्तिका बहुधा देवघराच्या फळीवर असते, आमची तिथेच सापडली!

तेल मापताना गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करा. इंजिन थोडे चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटे थांबा. पट्टी पुसून आत घालायची. आटे फिरवायचे की नाही हेही पुस्तिकेत पाहा, त्यात माप चुकते.

बाटली सीलबंद घ्या, पावती मागा. रिकामी बाटली कापूनच टाका, नाहीतर तीच भेसळीच्या तेलाने भरून परत दुकानात यायची. जळके तेल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका, मिस्त्रीकडे द्या. आमच्या मिस्त्रीकडे त्यासाठी पिंप ठेवलेले आहे. पुतण्याचे ते महागाचे तेलही त्यातच गेले.